चाळीस पुसलेल्या टेपा

रेडिओ स्टेशन टायरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर होतं. जिना इतका उभा, की मुलाखतीला आलेला माणूस पहिली दोन मिनिटं नुसत्या धापा टाकी आणि श्रोत्यांना वाटे, बिचारा काहीतरी गंभीर सांगणार आहे. मामांना मात्र चौतीस वर्षांत त्या जिन्याचं काही वाटलं नव्हतं. सकाळी आठला वर यायचं, पंखा लावायचा, लाल दिवा लागला की पंखा बंद करायचा, टेप चढवायची, वाजवायची, उतरवायची, कपाटात ठेवायची. स्टेशनातले सगळे त्यांना मामा म्हणत, खालचा टायरवाला मामा म्हणे, टायरवाल्याची गिऱ्हाइकंसुद्धा मामाच म्हणत. त्यामुळे त्यांच्या सख्ख्या भाच्यांना आपला हक्क कुणीतरी वाटून टाकल्यासारखं वाटे.

त्या सोमवारी बेबीताई टेपांच्या खोलीत आल्या त्या हातात पत्र नाचवतच. बेबीताई म्हणजे स्टेशनच्या संचालिका. स्टेशन काढलं त्या मोठ्या साहेबांची एकुलती एक लेक. स्टेशन सुरू झालं तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि दिवसभर मामांच्या शर्टाचं टोक धरून फिरायची. आता एकोणचाळीस वर्षांची झाली, चष्मा लागला, तरी नाव काही सुटलं नाही.

"मामा, परवान्याचं पत्र आलंय. गुरुवारी अधिकारी येणार."

"येऊ देत की. चहा सांगतो खाली."

"नुसत्या चहावर भागणार नाही. गावासाठी आपण काय केलं त्याचा पुरावा मागतायत. दर दहा वर्षांतला एक तरी कार्यक्रम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, ऐकवायचा. नाही ऐकवला तर परवाना त्या मोठ्या कंपनीकडे. चोवीस तास गाणी, माणूस एक नाही."

मामांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"पण मला काळजी नाही," बेबीताई म्हणाल्या आणि कपाटाच्या दारावर प्रेमाने थाप मारली. "मी लगेच कळवून टाकलं. चाळीस टेपा आहेत म्हटलं. बाबांच्या हातच्या चिठ्ठ्यांसकट."

त्या गेल्या आणि मामा स्टुलावर बसले. कपाटात चाळीस टेपा होत्या हे खरं. प्रत्येकीवर मोठ्या साहेबांच्या झोकदार अक्षरातली चिठ्ठी होती हेही खरं. फक्त चिठ्ठीवर लिहिलेलं आत काहीच नव्हतं, कारण मामांनी स्वतःच्या हातांनी ते पुसलं होतं. एकदा नाही, तीन-तीनदा.

यात मामांचा दोष किती आणि साहेबांचा किती, हे ठरवायचं तर जरा मागे जायला हवं. साहेबांना काही वाया गेलेलं बघवत नसे. स्टेशनात कागदाची दुसरी बाजू कोरी म्हणून कधी टाकली गेली नाही. भिंतींना आवाज दाबायला अंड्यांचे ट्रे लावलेले होते, तेही आधी अंडी खाऊन झालेले. स्टेशनसाठी एक तासाच्या चाळीस टेपा आणल्या आणि साहेबांनी जाहीर केलं की एवढ्यात आपलं आयुष्य निघालं पाहिजे. सुरुवातीला कार्यक्रम एकच होता, 'आपला तास'. दिवसातून तीनदा वाजायचा. पूर्ण साठ मिनिटं साहेब बोलायचे. पत्रं वाचायचे, डॉक्टरांना खोकल्याबद्दल विचारायचे, शाळेतल्या मुलींना गायला लावायचे आणि त्या बेसूर झाल्या तरी वा वा म्हणायचे. शेवटी गावाच्या सूचना. पाणी कधी येणार, कुणाची छत्री कुठे राहिली, दवाखान्यात कुठलं रक्त हवंय. सहा वर्षं लोकांनी हे डोक्यावर घेतलं.

मग जाहिराती आल्या. पाच मिनिटं त्यांना द्यावी लागली, आणि लोक गाणी मागू लागले म्हणून 'फर्माईश' सुरू झाली, पंचावन्न मिनिटांची. निवेदिका म्हणून शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या. त्या फर्माईश करणाऱ्यांची नावंसुद्धा हजेरी घेतल्यासारखी वाचत. टेपा कुठल्या? त्याच. मामांनी विचारलं, "साहेब, 'आपला तास' पुसू?" साहेब म्हणाले, "काल बोललो ते आज कोण ऐकतंय? पूस." त्यानंतर घरोघरी फोन आले आणि 'फोन उचला' आला, पन्नास मिनिटांचा. गाव फोनवर बोलायला लागलं आणि मुख्यतः शेजाऱ्यांबद्दल बोलायला लागलं. पुन्हा त्याच टेपा. आणि साहेब गेल्यानंतर शहरातून एक सल्लागार आला, गळ्यात टाय, हातात आलेख. लोकांना बोलणं नको, गाणी हवीत, असं त्याने सांगितलं आणि पंचेचाळीस मिनिटांचं 'नुसती गाणी' सुरू झालं. तेही त्याच टेपांवर. पाच वर्षांपूर्वी कॉम्प्युटर आला तेव्हा कुठे त्या बिचाऱ्या टेपा सुटल्या आणि कपाटात गेल्या.

कार्यक्रमाचा ढाचा तीन वेळा बदलला. कॉम्प्युटर आल्यावर चौथ्यांदा. दोन गोष्टी मात्र कुणी बदलल्या नाहीत. एक म्हणजे शेवटच्या सूचना, कारण साहेबांची सक्त ताकीद होती, गाणं कापा पण सूचना कापू नका. दुसरी म्हणजे टेपांवरच्या चिठ्ठ्या. साहेबांचं अक्षर खरवडून काढायला मामांचा हात धजला नाही. कुठल्या टेपेवर आता काय आहे ते त्यांना तोंडपाठ होतं, मग नवी चिठ्ठी कशाला?

इतकंच असतं तर मामांनी कान पकडून सांगून टाकलं असतं. पण पंधरा वर्षांपूर्वी, दवाखान्यात, साहेबांनी त्यांना जवळ बोलावून म्हटलं होतं, "सगळ्या पुसल्यास ना रे? एखादी तरी ठेव. पोरीला पुढे ऐकावीशी वाटेल." आणि मामा म्हणाले होते, "ठेवली आहे, साहेब." तेव्हा कपाटात 'आपला तास'ची एकही टेप उरली नव्हती. साहेबांना बरं वाटावं म्हणून ते बोलून गेले, साहेबांना बरं वाटलंही, आणि दोन दिवसांनी ते गेले. ती थाप मामा तेव्हापासून एकटेच बाळगून होते.

दुपारी जेवायला घरी आले तेव्हा मामी खिडकीपाशी शिवणयंत्रावर बसल्या होत्या. मामी ब्लाऊज शिवत आणि शिवताना दिवसभर नवऱ्याचं स्टेशन लावून ठेवत. पण कार्यक्रम कसा झाला असं विचारलं तर म्हणत, यंत्राच्या आवाजात काही कळलं नाही. मामांनी सगळं सांगितलं. मामींनी धागा तोडला.

"आत्ताच जाऊन सांगा."

"आत्ता? ती मीटिंगमध्ये असेल."

"मग उद्या सांगा. नाहीतर गुरुवारी ती टेपच सांगेल."

मंगळवारी मामा खरंच गेले. जिन्यावर वाक्य घोकलं होतं, "बेबीताई, एक चूक झाली आहे." केबिनमध्ये शिरले तर त्या फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "आमच्याकडे इतिहासाची काय चिंता? इतिहास म्हणजे आमचे मामा." फोन ठेवून त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात. गुरुवारी अधिकाऱ्यांसमोर तुम्हीच टेप लावायची आणि तुम्हीच बोलायचं. आणि मामा, तो राखाडी कोट घाला." मामा राखाडी कोट घालायचं कबूल करून परत आले.

बुधवारी त्यांनी सकाळपासून टेपा चढवून बघितल्या. न जाणो, एखादी राहून गेली असेल. सुरुवात लावली, गाणं. मधे लावलं, गाणं. एक, दोन, पाच, अकरा, सगळीकडे तेच खिदळणारं गाणं आणि मधूनच ढोल. शेवटी हात टेकले. बाराव्या टेपेवर, अर्ध्यावरच यंत्र बंद केलं आणि सरळ एक पत्र लिहिलं. तोंडाने जमत नाही तर कागदाने. 'टेपा मी पुसल्या. चिठ्ठ्यांवर जाऊ नका. तुमचा अपराधी, मामा.' ते बेबीताईंच्या टेबलावर ठेवून आले आणि तासभर कपाटाआड बसून राहिले. तासाभराने बेबीताई हसत आल्या आणि तोच कागद त्यांच्या हातात देत म्हणाल्या, "हा उद्याचा कार्यक्रम. अकराला अधिकारी, सव्वा अकराला टेप, बाराला चहा." स्टेशनच्या रीतीप्रमाणे त्यांनी लिहिलेला कागद उलटा केला होता आणि कोऱ्या बाजूवर मजकूर लिहून टाकला होता. पत्र वाचायची गरज त्यांना वाटली नव्हती.

गुरुवारी मामा राखाडी कोट घालून आले. कोट काखेत काचत होता. अधिकारी बाई बरोबर अकराला आल्या, तिसऱ्या मजल्यावर पोचल्या आणि खुर्ची धरून काही वेळ बोलल्याच नाहीत. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, कानावर पेन खोचलेल्या. पाणी पिऊन त्या कामाला लागल्या. फाइल बघितली, अंड्यांचे ट्रे बघितले, त्यावर काहीतरी लिहून घेतलं.

"चला, पहिल्या दहा वर्षांतलं काहीतरी ऐकवा."

बेबीताईंनी यंत्रावरच्या टेपेची चिठ्ठी कौतुकाने वाचून दाखवली, "'आपला तास, पाहुणे डॉक्टर, विषय खोकला.' मामा, लावा."

ती कालचीच टेप होती, अर्ध्यावर थांबवलेली. मामांनी बटण दाबलं. खोलीत ढोल वाजू लागला आणि एक बाई उंच आवाजात प्रेमाबद्दल गाऊ लागली. अधिकारी बाईंनी थोडा वेळ वाट बघितली.

"खोकला कधी येणार?"

बेबीताईंनी मामांकडे बघितलं. मामांनी जमिनीकडे बघितलं. "एक मिनिट हं," असं अधिकारी बाईंना म्हणून बेबीताईंनी मामांना दंडाला धरून बाहेर नेलं, पार जिन्याच्या तोंडाशी. दार उघडंच राहिलं. मामांच्या नोकरीत हे पहिल्यांदाच घडत होतं की टेप चालू आणि ते जवळ नाहीत. कार्यक्रमाचा शेवटचा शब्द संपला की त्याच क्षणी टेप थांबवायची आणि मागे गुंडाळायची, हा त्यांचा शिरस्ता होता. पुढे काय आहे ते ऐकायची वेळच कधी आली नव्हती.

"ही चुकीची टेप आहे ना?"

"नाही."

"मग बरोबर कुठली आहे?"

"कुठलीच नाही. सगळ्यांवर हेच आहे. मी पुसल्या, बेबी. चाळीसच्या चाळीस." घाबरल्यावर मामांच्या तोंडातून 'ताई' गळून पडे. "आणि साहेबांनी तुझ्यासाठी एक ठेवायला सांगितली होती. मी ठेवली आहे म्हणून सांगितलं. तेव्हा एकही नव्हती. त्यांना खोटं सांगितलं मी, शेवटचं."

बेबीताई कठड्याला टेकल्या.

"मी पंधरा वर्षं रोज त्या कपाटावरून जाते, मामा. उघडलं नाही कधी. ऐकायची हिंमत होत नव्हती. पण बाबा आत आहेत, एवढं पुरत होतं मला. परवाना जाऊ दे खड्ड्यात. हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

मामांना रडू येत होतं आणि वर तो कोट काचत होता. आत गाण्यांमागून गाणी चालली होती. बेबीताई एकामागून एक प्रश्न विचारत होत्या आणि मामा मान हलवत होते. टायरवाला चहाचा ट्रे घेऊन वर आला, दोघांचे चेहरे बघितले आणि चहा घेऊन परत खाली गेला.

तेवढ्यात आत गाणं संपलं. कुणीतरी घाईघाईने सूचना वाचल्या, उद्या पाणी दुपारी, बस स्टँडवर तपकिरी चष्मा सापडला आहे. मामांचे पाय सवयीने यंत्राकडे वळले. कार्यक्रम संपला, आता थांबवायला हवं. ते दारापर्यंत पोचले तोच टेपेत खट् असा आवाज झाला आणि एक माणूस तावातावाने बोलू लागला.

"...कोंबडा पाळायला माझी ना नाही. पण तो पहाटे तीनला आरवतो. तीनला कुठे पहाट असते, सांगा तुम्ही."

"बरं, आता फोन ठेवूया," निवेदक विनवत होता.

"ठेवतोच आहे. फक्त त्या कोंबड्याचं..."

अधिकारी बाईंच्या तोंडावर हसू फुटलं. मामा दारातच थबकले. 'फोन उचला'. पन्नास मिनिटांचा. त्यावर त्यांनी पंचेचाळीस मिनिटांची गाणी भरली होती. यंत्र जेवढं भरतं तेवढंच पुसतं. वरची पाच मिनिटं कुणी पुसलीच नव्हती. आणि 'फोन उचला' पन्नास मिनिटांचा होता, तर त्याच्या आधीची 'फर्माईश' पंचावन्नची होती. मामांनी बोटांवर हिशोब केला आणि बेबीताईंचा हात घट्ट धरला.

"गप्प ऐक. अजून आहे. दर वेळी कार्यक्रम पाच मिनिटांनी आखूड होत गेला ना? ऐक तू."

कोंबड्यानंतर सूचना झाल्या. पुन्हा खट्. आता शाळेतल्या बाई होत्या, एका घरातल्या अकरा जणांची नावं क्रमाने वाचत. मग सूचना, "काल दवाखान्यासाठी रक्त हवं असं सांगितलं होतं. रक्त मिळालं आहे. मंडळी अजून येत आहेत. कृपया येऊ नये, दवाखान्यात उभं राहायला जागा नाही." अधिकारी बाईंनी कानावरचं पेन काढलं आणि भराभरा लिहू लागल्या.

खट्.

"...तर खोकला आपोआप जातो, असं डॉक्टर म्हणतात, आणि माझा गेलेला नाही," मोठे साहेब म्हणाले. तेच ते, दाणेदार आवाजाचे, हसत बोलणारे. "आता सूचना. हरवलेली करडी शेळी सापडली. ती आमच्याच जिन्यात बसली होती. मालकाने लवकर न्यावी, तिने कालची पत्रं खाल्ली आहेत. ज्यांची पत्रं आज वाचली गेली नाहीत त्यांनी पुन्हा लिहावीत. नव्या पुलावर उद्या डांबर पडणार, लांबून जावं. बेबी, ती वायर सोड. श्रोतेहो, तुम्हाला नाही म्हणालो. बेबी, मामाकडे जा बघू. हं, शहाणी. तर मंडळी, एवढंच."

टेप संपली. चकती नुसतीच गरगरत राहिली आणि टेपेचं टोक फटफट वाजू लागलं. मामांनी यंत्र बंद केलं. बेबीताई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि अंड्यांच्या ट्रेवर हात ठेवून हुंदके देत होत्या. अधिकारी बाईंनी शहाणपणाने फाइलमध्ये डोकं घातलं.

"छान आहे," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "पण अडचण आहे. नियमात पूर्ण कार्यक्रम म्हटलंय. हे नुसते शेवट आहेत. सुरुवाती कुठे आहेत?"

"त्या मी पुसल्या," मामा म्हणाले. या वेळी त्यांनी जमिनीकडे बघितलं नाही.

"मग मी काय लिहू?"

मामांनी कपाटाखालून नोंदवह्या ओढल्या. रोज काय कधी वाजलं ते लिहायची पद्धत साहेबांनी स्वतः घालून दिली होती. त्यांनी एक पान उघडलं, मग दुसऱ्या वहीतलं, मग तिसऱ्या, मग चौथ्या. "बघा. 'आपला तास' इतके ते इतके. खाली वेगळ्या ओळीत 'सूचना', इतके ते इतके. हा कार्यक्रम वेगळा आहे, बाई. त्याची सुरुवातही टेपेवर आहे आणि शेवटही. बाकी सगळं बदललं. हा बदललाच नाही. आता बेबीताई वाचतात, रोज."

अधिकारी बाईंनी चारही वह्या ताडून बघितल्या. वेळ लागला. मग त्यांनी लिहिलं आणि लिहिलेलं मोठ्याने वाचलं, "'सूचना, चौतीस वर्षं, नमुने पूर्ण.' आणि खाली शेरा मारते, 'टेपा जपण्यात अक्षम्य हलगर्जीपणा.' इथे सही करा, मामा." मामांनी इतक्या आनंदाने सही केली की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. अधिकारी बाई चहा पिऊन गेल्या. जाताना जिन्यात त्यांनी टायरवाल्याला विचारलं म्हणे, त्या कोंबड्याचं पुढे काय झालं.

आता खोलीत दोघंच राहिले. मामा कोट काढून पुन्हा स्टुलावर बसले. बेबीताईंनी डोळे पुसले, कपाट उघडलं आणि पहिल्यांदाच त्या चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या.

"सगळ्यांच्या शेवटी बाबा आहेत?"

"असायला हवेत. पाच-पाच मिनिटं."

"म्हणजे तुम्ही त्यांना खोटं नव्हतं सांगितलं."

"मला कुठे माहीत होतं?"

"माहीत नव्हतं म्हणून तुमच्यावर अजून आठवडाभर रागावणार आहे मी," बेबीताई म्हणाल्या. त्यांनी वरच्या फळीवरून एक टेप काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि मामांच्या हातात दिली. मामांनी ती चढवली. ढोल सुरू झाला.

"पुढे पळवू का शेवटपर्यंत?"

"नको. असू दे." त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या मामांशेजारी बसल्या. "बाबा यायला अजून पंचावन्न मिनिटं आहेत."